घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क: नेमकं काय बघून घ्यावी?

रातराणी

नमस्कार मंडळी. घरात दोन बेचा (दोन डिस्क बसतात असा) नॅस आहे, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारा डिस्कचा डबा. त्याला आता सहा वर्षं झाली. आत ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर करून (दोन्हींवर तोच डेटा) ठेवल्या होत्या, दोन्ही डेस्कटॉप संगणकात लावतात तशा साध्या. गेल्या आठवड्यात त्यातली एक गेली. आधी दोन दिवस कपाटातून टक्-टक्, जरा शांतता, पुन्हा टक्-टक् असा आवाज येत होता. मला वाटलं पंख्यात काही अडकलंय. तिसऱ्या दिवशी नॅस बीप करायला लागला आणि पडद्यावर 'डिग्रेडेड' असं आलं.

आत घरातल्या सगळ्यांचे फोटो आहेत, स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत आणि आजीशी मारलेल्या गप्पांचं ४० तासांचं रेकॉर्डिंग आहे. आजी आता नाही, म्हणून त्याची धास्ती जास्त.

दुसरी डिस्क अजून चालते आहे. आता दोन्ही बदलून ८ टीबीच्या घ्यायच्या म्हणते. नॅससाठी म्हणून विकतात त्या डिस्क खरंच वेगळ्या असतात की फक्त लेबल वेगळं? ५४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) घेऊ की ७२००? आणि कंपनी कुठली? जाणकारांनी कृपया सांगावं.

सांजवारा

ताई, खरेदीचं नंतर बघू. आत्ता नवी डिस्क घालून रीबिल्ड अजिबात लावू नका. रीबिल्ड म्हणजे सगळा डेटा नव्या डिस्कवर उतरवणं, त्यासाठी उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डेटाच्या सगळ्यात छोट्या तुकड्यापासून) शेवटच्यापर्यंत सलग कित्येक तास वाचत राहणार. तिचं वय गेलेल्या डिस्कएवढंच, बहुधा एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेली. आधी त्या रेकॉर्डिंगची कॉपी कुठल्याही यूएसबी डिस्कवर घ्या. मग फोटो. मग बाकीचं.

रातराणी

लगेच लावली. रेकॉर्डिंग सगळं मिळून १४ जीबी आहे. एक फाइल सोडून बाकी सगळ्या लॅपटॉपवर आल्या. २३ नंबरची फाइल अर्ध्यात अडकते, मिनिटभर काहीच होत नाही आणि मग 'इनपुट/आउटपुट एरर' येते. तीनदा करून बघितलं.

जुना_खोड

चौथ्यांदा करू नकोस. मरू घातलेल्या डिस्कला त्याच जागेवर पुन्हा पुन्हा वाचायला लावणं म्हणजे तिचे उरलेले तास खर्च करणं. बाकी फोटो उतरले की नॅस बंद कर, ती डिस्क काढ, लिनक्सच्या संगणकाला जोड आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घे. तो आधी जिथून सहज वाचता येतं तिथून सगळं उचलतो, अडलेले तुकडे बाजूला टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. मधेच थांबवलंस तरी नोंद फाइलीत राहते, पुढे तिथूनच सुरू होतो. फाइलची कॉपी करणारे साधे प्रोग्रॅम पहिल्या अडथळ्याला हात टेकतात.

आता तुझे प्रश्न. नॅसची डिस्क वेगळी असते का, तर हो, असते. पण वेगळेपण लेबलवर छापलेलं नसतं, ते शोधावं लागतं. सगळ्यात आधी बघायचं ते सीएमआर की एसएमआर. माझ्या मते कंपनी, आरपीएम, कॅशे हे सगळं त्याच्यानंतर.

डिस्कच्या तबकडीवर डेटा गोल ट्रॅकमध्ये लिहितात. लिहिणाऱ्या हेडला रुंद ट्रॅक लागतो, वाचणाऱ्या हेडला अरुंद पुरतो. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅक शेजारच्यापासून सुटा असतो. एसएमआरमध्ये जागा वाचवण्यासाठी छपरावरच्या कौलांसारखे ट्रॅक एकमेकांवर चढवतात. प्रत्येकाची एक कड उघडी राहते, वाचायला तेवढी पुरते. पण मधलं एक कौल बदलायचं म्हणजे त्याच्यावर चढलेली सगळी कौलं काढून पुन्हा बसवावी लागतात. इथेही तसंच. मधल्या एका ट्रॅकवर नवं काही लिहायचं तर त्या पट्ट्यातले पुढचे सगळे ट्रॅक वाचून पुन्हा लिहावे लागतात.

रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क आलेला डेटा आधी एका राखीव सीएमआर भागात घेते आणि रिकामा वेळ मिळाला की सावकाश जागच्या जागी लावते. रीबिल्ड करताना मात्र तासन्‌तास सलग लिहिणं चालतं. राखीव भाग भरतो, रिकामा वेळ मिळत नाही आणि डिस्क गुडघे टेकते. २०२० मध्ये हे सगळं चव्हाट्यावर आलं. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) रेड या खास नॅससाठीच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं कंपनीने तेव्हा मान्य केलं. तोवर माहितीपत्रकात तसा उल्लेख नव्हता. झेडएफएस या फाइल व्यवस्थेवर अशा ४ टीबीच्या डिस्कची स्वतंत्र चाचणी झाली, त्यात रीबिल्डला नऊ दिवसांहून जास्त लागले. तेच काम सीएमआर डिस्कने दिवसाच्या आत संपवलं होतं. त्यानंतर कंपनीने मालिका वेगळ्या केल्या: नुसती 'रेड' म्हणजे एसएमआर, 'रेड प्लस' आणि 'रेड प्रो' म्हणजे सीएमआर.

आणि मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. अर्धवट वाचून फसायला होतं. त्याच मालिकेत ४० ईएफएएक्स एसएमआर आहे, पण ८० ईएफएएक्स म्हणजे ८ टीबीची, ती सीएमआर. चारही अक्षरं तीच.

पाऊलवाट

जुना_खोड काकांना अनुमोदन. तुम्ही ८ टीबी घेताय, तिथे काम सोपं आहे. रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन३०० या तिन्ही मालिका सीएमआर आहेत. साध्या डेस्कटॉप मालिकांमध्ये आणि बाहेरच्या लहान यूएसबी डिस्कमध्ये एसएमआर भरपूर सापडतं.

काजवा

दुसरा फरक आहे वाचताना चूक झाली तर डिस्क काय करते याचा. डेस्कटॉपची डिस्क एकटी काम करते असं गृहीत धरलेलं असतं, म्हणून खराब सेक्टर भेटला की ती मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडते आणि 'हा सेक्टर मिळत नाही' असं कळवते. मग नॅस तेवढा तुकडा मिररच्या दुसऱ्या डिस्कवरून घेतो आणि इथे पुन्हा लिहून टाकतो. लिनक्समध्ये आदेशाला उत्तर यायची मुदत मुळात ३० सेकंद असते. डिस्क त्याहून जास्त वेळ गप्प बसली की यंत्रणा तिला रीसेट करते, आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क मिररमधून बाहेर फेकली जाऊ शकते.

यालाच डब्ल्यूडी टीएलईआर म्हणते, इतर ठिकाणी ईआरसी म्हणतात. स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने बघता येतं. तिथे ७० असा आकडा दिसतो तो सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणजे ७ सेकंद.

रातराणी

म्हणजे २३ नंबरची फाइल मिनिटभर अडकते ती याच कारणाने?

काजवा

तेच. आणि तुमच्या बाबतीत आत्ता ते बरंच आहे. दुसरी प्रत नसताना डिस्कने जिवाच्या आकांताने प्रयत्न करावा असंच आपल्याला वाटतं. दुसरी प्रत असताना तिने पटकन हात वर करावेत.

सांजवारा

आरपीएमबद्दल माझं स्पष्ट मत: दोन बेच्या घरगुती नॅसला ५४०० पुरे. गिगाबिट नेटवर्क म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, हातात पडतात ११० च्या आसपास. आजची ८ टीबीची ५४०० वाली डिस्कही सलग वाचताना त्याच्या पुढे जाते. ७२०० घेऊन वेग वायरमध्येच अडणार, मिळणार काय तर जास्त आवाज आणि जास्त उष्णता.

पाऊलवाट

इथे मी थोडा असहमत. मोठी फाइल एकसलग वाचताना तुमचं बरोबर आहे. पण हजारो छोट्या फोटोंचे थंबनेल बनवताना, किंवा तीनचार जण एकाच वेळी वापरत असताना हेड सारखं इकडून तिकडे पळतं. तिथे वेळ जातो तो तबकडी फिरून योग्य जागा हेडखाली येण्याची वाट बघण्यात. ५४०० ला सरासरी साडेपाच मिलिसेकंद, ७२०० ला चारच्या वर थोडं. माझ्याकडे आधी ५४०० होत्या, आता ७२०० आहेत, आणि फोटोंचे फोल्डर उघडताना फरक दिसतो. नॅस बैठकीत ठेवायचा असेल तर मात्र मीही ५४०० च म्हणेन. २.५ गिगाबिटचं नेटवर्क असेल तर पुन्हा विचार करावा.

रातराणी

नॅस कपाटात असतो, पण ते कपाट झोपायच्या खोलीत आहे. ५४०० ठरलं. आता कंपनी?

जुना_खोड

३.५ इंची डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. 'या कंपनीच्या डिस्क टिकतात, त्या टिकत नाहीत' हे प्रत्येक जण आपल्या दोन-चार डिस्कवरून सांगतो. मीही पूर्वी सांगायचो. बॅकब्लेझ ही बॅकअपची सेवा देणारी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे आकडे उघडपणे छापते. ते वर्षानुवर्षं वाचून माझं एक मत पक्कं झालंय. फरक कंपनी-कंपनीत जितका दिसतो त्याहून जास्त तो एकाच कंपनीच्या मॉडेला-मॉडेलात दिसतो. आणि ज्या मॉडेलचे आकडे चांगले दिसतात ते कळेपर्यंत ते बाजारातून जाऊन नवं आलेलं असतं.

म्हणून मी कंपनीवर जीव टाकत नाही. दोन बेसाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या, निदान वेगवेगळ्या वेळी बनलेल्या डिस्क घेतो. एकाच खेपेतल्या दोन जुळ्या डिस्कमध्ये एकच दोष असला तर मिररचा अर्थच उरत नाही. मिररला दोन्ही सारख्या असाव्या लागत नाहीत, फक्त जागा लहान डिस्कएवढी मिळते. वॉरंटी बघून घे. नॅस मालिकांना साधारण ३ वर्षं असते, प्रो मालिकांना ५.

आणि नॅसच्या कंपनीची सुसंगत डिस्कची यादी बघ. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये प्लस मालिकेच्या नव्या मॉडेलांवर फक्त मान्य केलेल्या डिस्कची अट घातली होती. त्याच वर्षी डीएसएम ७.३ या आपल्या नॅसच्या प्रणालीत ती सैल केली. खरेदीच्या आधी पाच मिनिटं यादी वाचण्यात घालवावीत.

चांदणचुरा

कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठीच्या डिस्क मिळतात त्या चालतील का? एक पडून आहे.

पाऊलवाट

चालेल, पण त्या एकाच वेळी अनेक प्रवाह अखंड लिहिण्यासाठी जुळवलेल्या असतात. घरात पडून असेल तर बॅकअपला लावा. मिररसाठी मुद्दाम घेऊ नका.

चांदणचुरा

आणि वापरलेल्या सर्व्हरच्या डिस्क? मोठ्या कंपन्यांनी काढलेल्या बऱ्याच मिळतात म्हणे.

काजवा

मी घेतो, पण वापरलेली आहे हे माहीत असताना आणि बॅकअपसाठीच. जुनी डिस्क नवी म्हणून पदरात पडण्याचा धोका खरा आहे. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाइझे या तंत्रविषयक प्रकाशनाने दाखवून दिलं की हजारो तास चाललेल्या सीगेट एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या. स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातले, तास शून्य केलेले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, तिथे खरे तास शिल्लक होते म्हणून हे उघड झालं. स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्त्या ती नोंद वाचतात. सीगेटची नवी डिस्क घेतलीत तरी पहिल्या दिवशी दोन्ही आकडे ताडून बघा.

यूएसबी खोक्यातून मोठी डिस्क काढून नॅसमध्ये घालण्याबद्दलही कोणीतरी विचारेलच. काही डिस्क नॅसमध्ये फिरतच नाहीत. सॅटा या डिस्क जोडणीच्या नव्या मानकात वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेला डिस्क बंद करण्याचं काम दिलंय, आणि जुने वीजपुरवठे त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट सोडतात. डिस्कला वाटतं, मला बंद राहायला सांगितलंय. उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा त्या पिनेवर लावला की चालू होते. पण खोकं उघडल्यावर वॉरंटीचा वाद होऊ शकतो, तेव्हा आपली तयारी बघून.

रातराणी

डिस्क आल्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन, दोन्ही सीएमआर, मॉडेल क्रमांक अक्षरन्‌अक्षर तपासून घेतला. चालू झालेले तास दोन्हींवर ०. जागा ७.२७ दाखवतंय, ८ नाही. हे ठीक ना? आणि एक डिस्क काही काम नसताना दर पाच सेकंदांनी बारीक टक् करते. माझ्या पोटात गोळाच आला, आधीची अशीच गेली होती.

सांजवारा

७.२७ ठीक आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

आवाजाचं म्हणाल तर, अगदी ठरल्या ठेक्यात, दर पाच सेकंदांनी एकच आणि बारीक असेल तर घाबरू नका. डब्ल्यूडीच्या काही मोठ्या डिस्क रिकाम्या बसल्या की हेड मुद्दाम थोडं हलवत राहतात, एकाच जागी थांबून तिथला वंगणाचा थर झिजू नये म्हणून. मरणाऱ्या डिस्कचा आवाज वेगळा असतो. हेड जागा शोधतं, सापडत नाही, मागे येऊन आपटतं, पुन्हा निघतं. तो मोठा असतो आणि बहुतेक वेळा वाचायला सांगितल्यावर येतो.

जुना_खोड

डेटा घालायच्या आधी पूर्ण पृष्ठभागाची चाचणी कर. बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमच्या लिहिण्याच्या चाचणीत अख्ख्या डिस्कवर चार वेगवेगळे नमुने लिहून प्रत्येक परत वाचतात. म्हणजे आठ फेऱ्या. ८ टीबीला एका फेरीला सरासरी १५ तास धर, एकूण पाच दिवस. डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकाम्या डिस्कवरच, आणि नाव दोनदा तपासून. आधी आणि नंतर स्मार्टमधले तीन आकडे लिहून ठेव: ५ (बदललेले सेक्टर), १९७ (संशयित सेक्टर), १९८ (वाचताच न आलेले सेक्टर). तिन्ही शून्यच राहायला हवेत.

रातराणी

चाचणी संपली. एक डिस्क स्वच्छ. दुसरीवर तिसऱ्या नमुन्यात १९७ ला ८ आले, शेवटी ५ नंबरलाही ८. एवढ्या मोठ्या डिस्कवर ८ म्हणजे काहीच नाही असं विक्रेत्याचं म्हणणं. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, एका नगावरून कोणी मत बनवू नये.

जुना_खोड

परत कर. सेक्टर ८ च आहेत हे खरं, पण पाच दिवसांच्या डिस्कवर आहेत. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासात हेही आहे की गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या मुख्य चार आकड्यांत काहीच दिसलं नव्हतं. म्हणून आकडे वाढले तर विश्वास ठेवावा, शून्य असले म्हणून निर्धास्त होऊ नये.

रातराणी

बदलून मिळाली. हिची चाचणी स्वच्छ. मिरर चालू केला, बीटीआरएफएस ही फाइल व्यवस्था ठेवली आहे, चेकसम (डेटा बिघडलाय का ते पडताळायचे आकडे) असतात म्हणून. पण आता एका डिस्कवर १९९ नंबरचा आकडा रोज दहा-बाराने वाढतोय.

काजवा

१९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये डेटा बिघडतोय, तबकडीचा दोष नाही. ट्रे पूर्ण आत बसलाय का बघा. बंद करून बाहेर काढा, जोडणी कोरड्या ब्रशने झटका, पुन्हा घट्ट बसवा. आकडा शून्य होणार नाही, वाढायचा थांबायला हवा.

रातराणी

थांबला. ट्रेचा उजवा खटका बसलाच नव्हता, दोन मिलिमीटर पुढे होता. दुसरं म्हणजे, कपाटाचं दार बंद असताना डिस्क ४७ अंशांवर जातात. मागची फळी काढली तर ३९.

पाऊलवाट

फळी काढलेलीच बरी. नॅसच्या डिस्क ६० पर्यंत चालतील असं माहितीपत्रकात असतं, पण उन्हाळ्यासाठी हातात काही राहू द्या. रात्री डिस्क थांबवायच्या असतील तर दिवसातून एकदा-दोनदा ठीक. वीस मिनिटांची मुदत लावू नका, कुठली ना कुठली सेवा तिला उठवत राहते आणि दिवसभर चालू-बंद होते. महिन्यातून एकदा स्क्रबही लावा, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसमशी पडताळला जाईल.

सांजवारा

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे राहिलंच. चुकून फोल्डर पुसलात तर दोन्हीकडून त्याच क्षणी जाणार. एक यूएसबी डिस्क, एरवी काढून ठेवलेली, आणि एक प्रत घराबाहेर. या बॅकअपच्या डिस्कला एसएमआर असली तरी चालेल.

रातराणी

हो, ते केलं. बहिणीकडे एक ठेवली. काल तिच्या डिस्कवरून लॅपटॉपवर रिस्टोअर करून बघितलं, फोटोंचा एक फोल्डर गाळला गेला होता, तो यादीत घातला.

आणि २३ नंबरची फाइल. डीडीरेस्क्यू जुन्या डिस्कवर ३१ तास चालला. शेवटी ४०९६ बाइट सोडून सगळं आलं.

काजवा

४०९६ म्हणजे एकच सेक्टर. फाइल कुठल्या प्रकारची आहे?

रातराणी

वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो.

काजवा

मग सेकंदाला ९६,००० बाइट. तुमचा ०.०४ सेकंद गेलाय. कॉम्प्रेस केलेलं नसल्यामुळे पुढचं काही बिघडणार नाही.

रातराणी

ऐकली. ३१व्या मिनिटाला आजी विहिरीचं सांगत असते, तिथे एक बारीक टिक् येते आणि ती पुढे बोलत राहते. शब्द एकही गेला नाही.